सोळाव्या मजल्यावरून दिसणारं नागपूर स्टेशन

गांधीसागरकाठची (शनिवार, सकाळी ८:१०)

मुलाने मागच्या वर्षी गांधीसागरच्या बाजूला फ्लॅट घेतला. सोळावा मजला. मी जन्मभर रेशीमबागेत तळमजल्यावर राहिलेली बाई, त्यामुळे पहिले आठ दिवस गॅलरीच्या कठड्याला हात लावायचीही छाती झाली नाही. आता सकाळचा चहा तिथेच होतो.

गॅलरीतून वायव्येला पाहिलं की आधी टॉवरच टॉवर. दोन तयार, एकावर अजून क्रेन. त्यांच्या फटीतून सीताबर्डीच्या किल्ल्याची हिरवी टेकडी, आणि टेकडीच्या अलीकडे रूळांचा गुंता. त्या रूळांना टेकून नागपूर स्टेशनची जुनी दगडी इमारत बसलेली दिसते. 'बसलेली'च म्हणते, कारण वरून ती एखाद्या म्हाताऱ्याने ओट्यावर मांडी घालावी तशी दिसते. समोर पूर्वी उड्डाणपूल होता, खाली दुकानं. तो पाडला. शंभर वर्षांची इमारत आहे तिथेच आहे, आणि तिला झाकायला आलेला पूल वीस वर्षंही टिकला नाही याची मला रोज गंमत वाटते.

पण धागा काढला तो दुसऱ्या कारणासाठी. मी जिथे उभी राहून हे बघते ती जागा एम्प्रेस मिलची. माझे वडील याच मिलमध्ये रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या यंत्रांवर होते. तिसरी पाळी करून सकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांवर कापूस बसलेला असायचा, आई दारातच पंचा द्यायची. टाटांनी १ जानेवारी १८७७ ला ही मिल सुरू केली, व्हिक्टोरिया राणी त्याच दिवशी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली म्हणून नाव एम्प्रेस. टाटांच्या गाडग्यातला पहिला मोठा रुपया इथला. आणि २००२ ला कायमची बंद.

मिल गेली, स्टेशन राहिलं. दोन्ही जुनी, दोन्ही शहराच्या ऐन मध्यात, जागेला दोन्हीकडे सोन्याचा भाव. मग एक का वाचलं आणि दुसरं का नाही?

संत्राबर्फी

काकू, सोपं आहे. मिल बंद पडली. गाडी बंद नाही पडली.

आउटर_सिग्नल

संत्राबर्फीने एका ओळीत सांगितलं, मी जरा लांबण लावतो. बत्तीस वर्षं रेल्वेत काढली, त्यातली एकोणीस याच इमारतीत.

नागपूरला गाडी आली १८६७ ला, मुंबईहून, जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची. आली कापसासाठी, माणसं नंतर बसली. तुम्ही पाहता ती इमारत त्यानंतर जवळपास साठ वर्षांनी उभी राहिली. १५ जानेवारी १९२५ ला मध्य प्रांताचे गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनी उद्घाटन केलं. दगड सावनेरचा, वालुकाश्म. बांधली तेव्हा नागपूरचं महत्त्व वाढत चाललं होतं. १९२९ मध्ये काझीपेठ-बल्लारशा जोडलं गेलं आणि दिल्ली-मद्रास सरळ रस्ता नागपूरवरून झाला. मुंबई-हावडा आधीपासून होताच. पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण रूळ जिथे एकमेकांना कापतात ते डायमंड क्रॉसिंग स्टेशनच्या जवळच आहे. त्यावरून गाडी जाताना चाकांचा ताल बदलतो, झोपेतला प्रवासीही ओळखतो की नागपूर आलं.

आता तुमचा प्रश्न. आमच्या ऑफिसात एकदा जुलैत छत गळायला लागलं. रजिस्टरांवर टपटप. साहेबांनी दुपारी फोन केला, संध्याकाळी वर माणूस चढला. का? कारण खाली काम चालू होतं. तेच छत रिकाम्या खोलीवर असतं तर पुढच्या जुलैपर्यंत कोणी वर पाहिलं नसतं. तिसऱ्या जुलैला कडी कुजली असती, चौथ्याला कोणीतरी 'धोकादायक' अशी पाटी लावली असती. इमारत पाडायला जेसीबी लागत नाही, चार पावसाळे पुरतात.

महालचा_पोरगा

काका, हे सगळं खरं. पण ते खैरागडच्या राजाने एका रुपयात स्टेशनले जागा देल्ली म्हणते, ते?

आउटर_सिग्नल

ती गोष्ट मी नोकरीला लागलो त्या दिवशी ऐकली, आणि रिटायर झालो त्या दिवशी निरोपाच्या भाषणातही ऐकली. मधल्या बत्तीस वर्षांत कागद कोणी दाखवला नाही.

कर्वेरोड_ते_वर्धारोड

तीन वर्षांपासून नागपुरात आहे, मूळची पुण्याची. राग मानू नका, पण नागपुरात 'गगनचुंबी' म्हणजे नक्की किती मजले? आमच्या ऑफिसात दहा मजल्यांना टॉवर म्हणतात.

संत्राबर्फी

ताई, सात मजल्यांवर आमची मान दुखते, बाकी तुम्ही समजून घ्या. पण मस्करी सोडा. वर्धा रोडवर खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल, त्याच्यावर मेट्रो अशी तीन माळ्यांची वाहतूक आहे. मेट्रो बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीवरून जाते तेव्हा खिडकीतून किल्ल्याची टेकडी जवळजवळ बरोबरीला येते. लहानपणी तीच टेकडी मान वर करून पाहत होतो.

चुन्याची_निवळी

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते, म्हणून दगडाबद्दल थोडं.

वालुकाश्म पाणी पितो. पिऊ द्यायचं असतं, फक्त ते बाहेर यायला वाट हवी. जुन्या बांधकामात ती वाट म्हणजे दगडांमधले चुन्याचे सांधे. चुना मऊ, सच्छिद्र, ओल त्यातून निघून जाते. सांधा झिजतो, काही वर्षांनी उकरून पुन्हा भरायचा. झिजणं हेच त्याचं काम आहे.

आता होतं काय, सांधा झिजलेला दिसला की कोणीतरी सिमेंटचं घमेलं घेऊन येतो. सिमेंट दगडापेक्षा कडक आणि बंद. ओल अडकते, मग ती दगडाच्या अंगातून वाट काढते आणि सोबतचे क्षार पृष्ठभागाखाली साचतात. दोन उन्हाळ्यांत दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. मागच्या वर्षी एका खासगी बंगल्यावर काम केलं. तिथे सिमेंटची जाळी अगदी शाबूत होती आणि मधला दगड बोटभर आत गेला होता. पोळं खाऊन टाकल्यावर मेणाची घरं उरावीत तसं. मालक अभिमानाने सांगत होते, "पक्कं काम करून घेतलं होतं हो आम्ही."

दुसरा वैरी पिंपळ. पाखरं फळ खाऊन वर घाण टाकतात, बी सांध्यात रुजतं. माळी वरून कापतो, पुढच्या श्रावणात दुप्पट येतं. मूळ भिंतीच्या आत हातभर गेलेलं असतं. दगड नंबर टाकून उतरवायचे, मूळ काढायचं, तेच दगड त्याच जागी बसवायचे. एका पिंपळाला आठवडा जातो.

आणि चुना बाजारातून आणला की वापरला असं होत नाही. आधी पाण्यात मुरवायचा, मग वाळू घालून चुन्याच्या घाण्यात मळायचा. जुने गवंडी गूळ आणि बेलफळाचं पाणी घालायचे. माझ्याकडे असा एकच गवंडी आहे, वय अडुसष्ट. त्याचा मुलगा टाइल्स बसवतो आणि बापापेक्षा जास्त कमावतो.

महालचा_पोरगा

आता मी बोलतो, राग येईल त्याला येऊ द्या.

आमचा वाडा महालात आहे. सागवानी खांब, मधात चौक, वर कवेलू म्हणजे कौलं. दर उन्हाळ्यात कवेलू फेरावे लागते, नाहीतर पावसाळ्यात घरातल्या घरात गंगाळं मांडून बसा. फेरणारा माणूस मिळत नाही. मिळाला तर माकडं आठ दिवसांत त्याची मेहनत वाया घालवते. घरात सात वाटे. दोन काका पुण्याले, एक आत्या रायपूरले, सह्या करायले सगळे एका दिवशी जमत नाही. लाकडाले वाळवी लागली तं एक खांब बदलायसाठी मी एका कचेरीत तीन महिने फिरलो. पहिल्या खिडकीवाला म्हणे दुसऱ्या खिडकीवर जा, दुसरा म्हणे साहेब दौऱ्यावर. शेवटी लोखंडी गर्डर लावला चुपचाप.

बिल्डर दर दिवाळीले मिठाई घेऊन येते. फ्लॅट देतो, पैसे देतो, दोन वर्षं भाडं देतो. मी अजून नाही म्हणून राहिलो. पण काऊन नाही म्हणून राहिलो हे मले बायकोले सांगता येत नाही. तुम्ही लोक फोटो काढायले येता, "किती छान, जपा हो" म्हणता आन् निघून जाता. स्टेशन टिकलं कारण त्याचे पैसे तिकिटातून निघते. आमच्या वाड्याले कोण तिकीट काढते?

गांधीसागरकाठची

महालच्या पोरा, तुझं वाचून चहा थंड झाला. यावर माझ्याकडे उत्तर नाही रे.

खिडकी_नंबर_४

आउटर काकांच्या मुद्द्याला एक जोड. मी सिव्हिल लाइन्सला वकिलांकडे काम करतो, रोज हायकोर्टाच्या घुमटाखालून जातो. ती इमारत हेन्री व्हॉन लँचेस्टर यांची, जोधपूरचा उमेद भवन राजवाडा ज्यांनी केला तेच. १९३७ च्या जानेवारीत पायाभरणी, ६ जानेवारी १९४० ला उद्घाटन. खर्च ७,३७,७४६ रुपये. त्यातले शेवटचे सहा रुपये मला फार आवडतात, कोणीतरी इमानदारीने हिशोब ठेवला होता. घुमट जमिनीपासून १०९ फूट. काकू, मजल्याला दहा फूट धरले तर तुमच्या चहाचा कप उच्च न्यायालयाच्या घुमटापेक्षा पन्नासेक फूट वर असतो. न्यायालयाचा अवमान होतो का हे वकीलसाहेबांना विचारून सांगतो.

आता गंभीर. नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं, १९५६ ला तो मान गेला. आमच्या आजोबांच्या पिढीने ते दुःख मरेपर्यंत काढलं. पण मला वाटतं, सिव्हिल लाइन्स वाचली ती त्यामुळेच. राजधानी राहिली असती तर मंत्री वाढले असते, खाती वाढली असती, प्रत्येक खात्याला नवा टॉवर हवा झाला असता, आणि सगळ्यात आधी ही पसरट आवाराची जुनी घरं गेली असती. झालं काय, कोर्टात खंडपीठ राहिलं, विधानभवनात नागपूर कराराप्रमाणे हिवाळी अधिवेशन भरत राहिलं. इमारतींना काम उरलं, फक्त पाडून मोठं बांधण्याइतकं काम उरलं नाही.

कर्वेरोड_ते_वर्धारोड

हा मुद्दा कधी डोक्यात आला नव्हता. म्हणजे मान गेला म्हणून मालमत्ता राहिली.

बखरवाचक

'काम चालू म्हणून टिकलं' हे मला पूर्ण पटत नाही. सीताबर्डीचा किल्ला घ्या. किल्ला म्हणून त्याचं काम कधीच संपलं. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला याच दोन टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई झाली. इंग्रजांचा दरबारातला प्रतिनिधी, रेसिडेंट जेन्किन्स, त्याची कोठी पायथ्याशीच होती. भोसल्यांकडच्या अरबांनी छोटी टेकडी घेतलीही होती, दुसऱ्या दिवशी बाजू उलटली. लढाईनंतर इंग्रजांनी टेकडीवर तटबंदी पक्की केली, म्हणजे नागपूरच्या बाजूने पाहिलं तर तो आपल्या पराभवाचा किल्ला. तरी बर्डीसारख्या बाजाराच्या डोक्यावर, जिथे पानठेल्याच्या जागेसाठी मारामाऱ्या होतात, तिथे एवढी हिरवी टेकडी रिकामी उभी आहे.

आउटर_सिग्नल

रिकामी कुठे? वर लष्कर आहे.

बखरवाचक

मान्य, तेच म्हणणार होतो. प्रादेशिक सेनेची तुकडी आहे, आणि लष्कराच्या हद्दीलगत बांधकामावर १९०३ च्या कायद्यापासून बंधनं आणता येतात. सामान्य माणसाला वर जायला वर्षातले तीन दिवस: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट. माझं म्हणणं एवढंच की तो जपला जातो तो आपल्याला आत येऊ देत नाहीत म्हणून.

संत्राबर्फी

२६ जानेवारीला गेलो होतो, शाळेच्या पोरांच्या रांगेत. वर गांधीजींना ठेवलेली कोठडी दाखवतात. १९२३, झेंडा सत्याग्रह. आजीने नमस्कार केला, मी फोटो काढला.

बखरवाचक

नमस्काराला काही हरकत नाही, पण तारखा जुळत नाहीत. झेंडा सत्याग्रह नागपुरात १९२३ च्या उन्हाळ्यातच झाला, हे खरं. आधी जमनालाल बजाज, त्यांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेल, शेकड्यांनी माणसं तुरुंगात गेली. गांधीजी मात्र मार्च १९२२ मध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन येरवड्याला गेले आणि फेब्रुवारी १९२४ मध्ये सुटले. १९२३ मध्ये ते नागपूरच्या किल्ल्यात कसे असतील?

संत्राबर्फी

आजीला सांगू का नको?

बखरवाचक

नका सांगू. सत्याग्रहींना केला असं समजा, ते तर इथेच तुरुंगात होते.

खिडकी_नंबर_४

असाच दुसरा घोळ झिरो माइलचा. 'भारताचा मध्यबिंदू' म्हणून पाहुण्यांना दाखवतो आपण, चार घोडे, खांब, सेल्फी. शेजारच्या दगडावर १९०७ चा सर्वेक्षण खात्याचा बेंचमार्क आहे, समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट. तो उंची मोजण्यासाठीचा दगड, मध्यबिंदूचा नव्हे. ज्या सर्वेक्षणातून हे निघालं ते सुरू करणारा इंग्रज अधिकारी लॅम्बटन नागपूरला येता येता १८२३ ला हिंगणघाटला वारला, थडगं तिथेच आहे. त्याच्या थडग्यापाशी सेल्फी काढताना मी कोणाला पाहिलं नाही.

महालचा_पोरगा

गाडी रूळावरून उतरून राहिली भाऊ. काकूचा प्रश्न मिलचा होता.

गांधीसागरकाठची (रविवार, रात्री ९:३५)

मिलबद्दल मीच दोन शब्द लिहिते. ती नुसती इमारत नव्हती. बेझनजी मेहता तिथले मॅनेजर, बेझनबाग त्यांच्याच नावाची. कामगारांसाठी पेन्शन, प्रॉव्हिडंट फंड हे सगळं कायदा येण्याच्या कितीतरी आधी मिलने सुरू केलं, ते वडील मोठ्या आवाजात सांगायचे. भोंग्यावर आमच्या वस्तीचं घड्याळ चालायचं. शेजारी एक बाई भोंगा झाला की भात चढवायची, दुसरा झाला की उतरवायची. आउटर काकांचं बरोबर आहे, खाली यंत्र थांबलं की वरच्या छताकडे बघणारं कोणी राहत नाही. मी त्याच जमिनीवर राहते, लिफ्टने वर जाते, तेव्हा तक्रार तरी कोणत्या तोंडाने करू?

आज नातवाला घेऊन स्टेशनवर गेले. वय सात. जन्मापासून टॉवरमध्येच. समोर पुनर्विकासाचं काम चालू आहे, २०२२ च्या डिसेंबरात पायाभरणी झाली ते. पत्रे, धूळ, ऑटोवाल्यांची ओढाताण. कसंबसं जुन्या भिंतीपर्यंत पोचलो. लहानपणी मामाला घ्यायला आलो की आई आम्हाला याच भिंतीला टेकून उभं करायची, मे महिन्यातही दगड सावलीकडून गार असायचा. तो आजही गार होता. मी नातवाचा हात त्यावर ठेवला. छिन्नीचे तिरपे घाव बोटाला लागतात, एका दगडावर उजवीकडे झुकलेले, शेजारच्यावर डावीकडे. दोन वेगळे पाथरवट असतील, किंवा एकच डावखुरा-उजवा. नातू बराच वेळ बोटं फिरवत होता. मला वाटलं, पोराला काहीतरी समजतंय.

मग म्हणाला, "आजी, ह्याला प्लास्टर करायचं राहून गेलं का?"

चुन्याची_निवळी

काकू, त्याला म्हणावं राहूनच जाऊ दे.

महालचा_पोरगा

त्याले आमच्या वाड्यावर आणा एक दिवस. माकडं दाखवतो.

गांधीसागरकाठची

नक्की आणते. त्याने माकडं जवळून पाहिलीच नाहीत.

आलोच होतो म्हणून दोन प्लॅटफॉर्म तिकिटं काढली. कोणाला घ्यायचं नव्हतं, सोडायचं नव्हतं. बाकावर बसून संत्री सोलली. दक्षिणेकडची एक गाडी आली, थांबली, गेली. नातवाने शेवटच्या डब्याला हात केला, गार्डनेही केला.

आउटर_सिग्नल

किती लेट होती?

गांधीसागरकाठची

पंचवीस मिनिटं.

आउटर_सिग्नल

मग वेळेवरच म्हणायची.